आधी पोत, मग रंग : वेस्टर्न चित्रपटातल्या पोशाखाचं कापड कसं शोधावं

सर्जिओ लिओनेच्या चित्रपटांतला क्लिंट ईस्टवुड आठवला, की त्याचा पोंचो आठवतोच. पोंचोची एक बाजू तो खांद्यावरून मागे टाकतो, कमरेचं पिस्तूल मोकळं होतं आणि आता काय होणार ते प्रेक्षकाला कळतं. हा पोंचो हुबेहूब करायचा ठरवलं तर शिवणकाम फारसं नाही : एक चौकोनी कापड, मध्ये गळ्यासाठी फट आणि कडेला झालर. सगळी मेहनत आहे ती कापड शोधण्यात. कापड चुकलं तर निष्णात शिंप्याच्या हातूनही तो पोंचो होणार नाही, नुसती अंगावर घेतलेली चादर होईल.

एकांकिका स्पर्धांसाठी वेशभूषा करणारी मुलं, कॉमिक कॉनला आवडत्या पात्राच्या वेशात जाणारी मंडळी आणि जुन्या वेस्टर्न चित्रपटांवर जीव असलेले हौशी कारागीर, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. आपल्याकडे बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. मोबाइलवरचं चित्र दुकानदारासमोर धरतात आणि 'हा रंग आहे का?' असं विचारतात. माझा आग्रह याच्या नेमका उलट आहे. तंतू, वीण आणि वजन आधी जुळवा, रंगाकडे शेवटी वळा. रंग घरी बदलता येतो. कापडाचा पोत आणि त्याचं पडणं मात्र घरी आणल्यावर फारसं बदलता येत नाही.

जुळवायचं कशाशी?

बाजारात जाण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. तुम्हाला १८७० च्या सुमाराचा अमेरिकन घोडेस्वार उभा करायचा आहे, की पडद्यावरचं पात्र? वेस्टर्न चित्रपटांतला काळ बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला असतो. त्यातले कपडे मात्र चित्रपट तयार होत असताना, त्या वेळच्या बाजारातून आलेले असतात.

'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' १९६४ साली आला. वेशभूषा आणि कला दिग्दर्शन कार्लो सिमी यांचं होतं. तरी नायकाच्या अंगावरच्या काही गोष्टी खुद्द ईस्टवुड यांनी जमवल्या होत्या. काळी जीन्स त्यांनी हॉलीवूड बुलव्हार्डवरच्या एका दुकानातून घेतली होती. टोपी सँटा मोनिकातल्या वेशभूषा पुरवणाऱ्या कंपनीकडून आणली होती. म्हणजे ती जीन्स सरळसरळ १९६० च्या दशकातली आहे. लिव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना रिव्हेट लावलेल्या पँटचं पेटंट मिळालं ते १८७३ मध्ये, आणि लिव्हाय्जच्या जीन्सवर पट्ट्यासाठी लूप आले १९२२ मध्ये. त्या जीन्सच्या जागी तुम्ही १८७० ची चोख तुमान शिवलीत, तर इतिहासाला धरून होईल, पण चित्रपट हातचा जाईल.

दोन्ही वाटा चांगल्या आहेत. त्यांची सरमिसळ मात्र करू नका. वहीच्या पहिल्या पानावर चित्रपटाचं नाव, साल, पात्र आणि नेमकं दृश्य लिहून ठेवा. दृश्य लिहायचं कारण असं, की एकाच पात्राचा पोशाख चित्रपटागणिक, कधी प्रसंगागणिक बदलतो. लिओने आणि ईस्टवुड या जोडीच्या तिसऱ्या चित्रपटात, १९६६ च्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मध्ये, ईस्टवुड बराच वेळ लांब कोटात वावरतो. पोंचो अंगावर येतो तो अगदी शेवटाकडे. 'बॅक टू द फ्यूचर'च्या १९९० सालच्या तिसऱ्या भागात नायक मार्टी स्वतःचं नाव क्लिंट ईस्टवुड सांगतो आणि पोंचो घालून लढतीला उभा राहतो. ती लिओनेच्या नायकाला दिलेली दाद आहे. वेशभूषा जोआना जॉन्स्टन यांची आहे आणि कापडही वेगळं आहे. तयार पोंचो विकणारे या सगळ्यांना एकाच नावाखाली विकतात, म्हणून दृश्य ठरलेलं असलेलं बरं.

पडद्यावरून कापड वाचणं

चित्रपटाची उपलब्ध असलेली सर्वांत चांगली प्रत घ्या आणि शक्य तितक्या फ्रेम थांबवून पाहा. नुसतं 'छान दिसतंय' असं पाहणं कामाचं नाही. प्रश्न घेऊन बसा.

पहिला प्रश्न घड्यांचा. जाड, भरीव कापडाला थोड्या आणि गोलसर मोठ्या घड्या पडतात. पातळ कापडाला बारीक, धारदार चुण्या खूप पडतात. पात्र बसलेलं असताना मांडीवर, कोपर दुमडलेलं असताना बाहीवर आणि घोड्यावर असताना कडेला कापड कसं वागतं ते पाहा.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. वाऱ्याची झुळूक आली की कापड फडफडतं, की एकसंध हेलकावतं? पोंचोची बाजू खांद्यावर टाकल्यावर तिथेच राहते, की घसरते? हलक्या अ‍ॅक्रिलिकचा पोंचो खांद्यावर ठरत नाही आणि फार ताठ कापड खांद्यावर पडण्याऐवजी उभं राहतं. ही एक हालचाल नीट पाहिलीत तरी वजनाचा बराचसा अंदाज येतो.

तिसरा प्रश्न नक्षीच्या कडेचा. नक्षीच्या तिरक्या रेषा पायऱ्यापायऱ्यांनी चढत असतील, तर ती मागावर विणलेली आहे. वळणं गुळगुळीत असतील आणि पृष्ठभागावर उठाव दिसत असेल, तर भरतकामाची शक्यता जास्त. नक्षी अगदी सपाट असून घडीच्या आत उलटी बाजू फिकी दिसली, तर ती छापलेली. या एका निरीक्षणावरून तुम्हाला विणकराकडे जायचंय, भरतकाम करणाऱ्याकडे की छपाईवाल्याकडे, हे ठरतं.

चौथा प्रश्न कडांचा. कापडाची मूळ किनार दिसते, की कापून दुमडलेली कड? झालर ताण्याच्या (उभ्या) सुटलेल्या धाग्यांची आहे, की वेगळी जोडलेली? धाग्यांची असेल तर ती कापडाच्या दोनच बाजूंना येईल. चारही बाजूंना झालर असेल तर निदान दोन बाजूंची वरून लावलेली असणार.

लिओनेचे हे चित्रपट टेक्निस्कोप पद्धतीने चित्रित झाले. त्या पद्धतीत प्रत्येक चौकटीसाठी नेहमीच्या निम्मीच फिल्म वापरली जाते, म्हणून पडद्यावर दाणा मोठा दिसतो आणि लांबच्या दृश्यांत वीण हरवते. सुदैवाने लिओनेला चेहऱ्याच्या अगदी जवळून घेतलेल्या दृश्यांचं वेड होतं. त्या दृश्यांत गळ्याजवळचं कापड मोठं दिसतं. विणीचा अभ्यास तिथे करा, घड्यांचा लांबच्या दृश्यांत.

नक्षीचं माप

नक्षी केवढी, हे ठरवायला त्याच चौकटीतली माहीत असलेली वस्तू पट्टी म्हणून वापरा. ईस्टवुड यांची उंची साधारण ६ फूट ४ इंच, म्हणजे १९३ सेंटिमीटर. ते सरळ उभे असलेल्या चौकटीत नक्षीचा पट्टा त्यांच्या उंचीच्या किती टक्के येतो ते मोजा आणि त्यावरून सेंटिमीटर काढा. पोंचो शरीराच्या पुढे लोंबतो आणि कॅमेऱ्याचा कोनही बदलतो, म्हणून एकाच चौकटीवर विसंबू नका. चार-पाच चौकटींची सरासरी घ्या.

आता तुमची उंची लक्षात घ्या. ती १६८ सेंटिमीटर असेल तर १९३ च्या तुलनेत प्रमाण ०.८७ येतं. पडद्यावर १० सेंटिमीटरची ठरलेली नक्षी तुमच्या अंगावर ८.७ सेंटिमीटरची हवी, तरच ती तितकीच मोठी दिसेल. संग्रहासाठी प्रतिकृती करत असाल तर मूळ माप ठेवा. अंगावर घालायची असेल तर प्रमाणात आणा. आधी मांजरपाटाचा तुकडा कापून त्यावर स्केच पेनने नक्षी काढा, अंगावर घेऊन फोटो काढा आणि तो चौकटीशेजारी ठेवून पाहा. मांजरपाट स्वस्त असतो. चूक करायची ती त्याच्यावर करून घ्या.

तंतू, वीण, वजन

कापडाची ओळख या तीन गोष्टींनी होते.

तंतू म्हणजे सूत, लोकर, लिनन, की पॉलिएस्टर-अ‍ॅक्रिलिक. दुकानदाराच्या 'प्युअर वूल'वर न थांबता दोन-तीन धागे सोडवून घ्या आणि घरी चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटावर, शेजारी पाणी ठेवून जाळून पाहा. सूत आणि लिनन कागदासारखे जळतात, मऊ राखाडी राख राहते. लोकर रेंगाळत जळते, ज्योत काढली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि काळा ठिसूळ अवशेष बोटाने चुरगळतो. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर न चुरगळणारा कडक मणी उरतो. मिश्र कापडात ही लक्षणं एकत्र दिसतात. लोकरीत भेसळ किती, हे पाहायचं असेल तर छोटा तुकडा क्लोरीनच्या घरगुती ब्लीचमध्ये काही तास ठेवा. शुद्ध लोकर विरघळून जाते, कृत्रिम तंतू आणि सूत उरतं. खिडकी उघडी ठेवा आणि ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही रसायन घालू नका.

वीण भिंगाखाली पाहा. साध्या विणीत उभा-आडवा धागा एकाआड एक जातो. ट्विलमध्ये तिरकी रेघ दिसते. डेनिम ही ट्विलच आहे : ताणा रंगवलेला, बाणा (आडवा धागा) कोरा, म्हणून आतली बाजू फिकी. मेक्सिकोतल्या साल्तियो आणि ओआहाका भागांतल्या सरापे नावाच्या शालींसारख्या कापडात बाणा इतका दाट ठोकलेला असतो, की ताणा दिसतच नाही. अँडीज पर्वतातल्या बऱ्याच पारंपरिक कापडांत याच्या उलट असतं, ताणा पुढे आणि बाणा लपलेला. दोन्ही कापडं 'पोंचो' म्हणून विकली जातात, पण पडतात वेगळी. पडद्यावर रेघा कुठल्या दिशेने जातात ते पाहून यातलं कुठलं हवं ते ठरवा.

वजन सर्वांत दुर्लक्षित, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. व्यापारी ते जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅम. माहीत नसेल तर स्वतः काढा. १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा सोनाराच्या छोट्या काट्यावर तोला आणि आलेल्या ग्रॅमना १०० ने गुणा. ४.५ ग्रॅम भरला तर कापड ४५० जीएसएमचं. डेनिमचं वजन चौरस याराला औंसात सांगतात. एक औंस म्हणजे सुमारे ३४ जीएसएम, म्हणजे १४ औंसाचं डेनिम साधारण ४७५ जीएसएमचं. गरम कपड्याचं वजन मात्र काही गिरण्या लांबीच्या एका याराला किंवा मीटरला सांगतात आणि त्यात पन्हा धरलेला असतो. आकडा ऐकला की तो चौरस मापाचा की लांबीच्या, हे विचारून घ्या.

प्रत्येक कपड्याचं वेगळं गणित

पोंचो लोकरीचाच हवा. आपल्याकडची घोंगडी हा यासाठी विचार करण्याजोगा पर्याय आहे. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात दख्खनी मेंढीच्या हातकताईच्या लोकरीपासून खड्डामागावर ती विणली जाते. तिचा भरडपणा आणि जड पडणं पडद्यावरच्या पोंचोच्या जवळ जातं. दोन अडचणी मात्र आहेत. घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, म्हणून नवी घोंगडी ताठ राहते. कोमट पाण्यात, न चोळता भिजवून ती काढावी लागते. दुसरी अडचण रंगाची. दख्खनी लोकर बहुतांशी काळी आणि काळ्यावर दुसरा रंग चढत नाही. फिका, पांढरट किंवा करडा माल निवडून मागावा लागतो.

नक्षी विणलेलीच हवी असेल तर कच्छमधल्या भुजोडीच्या वणकर विणकरांचं काम पाहा. जादा बाण्याने भौमितिक नक्षी उठवण्यात त्यांचा हात बसलेला आहे. रबारी लोकांसाठी ते विणत आलेले ढाबळे दोन अरुंद पट्ट्या मध्ये जोडून करतात. पोंचोला ही रचना फार सोयीची, कारण मधल्या जोडात गळ्यापुरती जागा न शिवता सोडली की फट तयार होते आणि कापड कापावं लागत नाही. विणकराला काम देताना फक्त फोटो पाठवू नका. तंतू, अपेक्षित जीएसएम, इंचात किती ताणे, नक्षीचं सेंटिमीटरमधलं माप आणि आलेख कागदावर चौकोन भरून काढलेली नक्षी द्या. आधी वीतभर नमुना विणून घ्या आणि त्याचे वेगळे पैसे द्या. नमुन्यासाठीही माग लावावा लागतो, त्यात कारागिराचा दिवस जातो. कुणी विचारलं तर विणकराचं नाव अभिमानाने सांगा.

जीन्ससाठी किनारीकडे लक्ष द्या. जुन्या धोट्याच्या मागावर विणलेल्या डेनिमची किनार आपोआप बंद असते, तिला सेल्व्हेज म्हणतात. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो इथली कोन मिल्सची व्हाइट ओक गिरणी या कापडासाठी प्रसिद्ध होती, ती २०१७ मध्ये बंद झाली. आज जपानमध्ये असं डेनिम मुबलक विणलं जातं आणि भारतातही अहमदाबादच्या अरविंदसारख्या गिरण्या ते करतात. एक मात्र पक्कं, ताणणारं डेनिम घेऊ नका. दोन टक्के स्पँडेक्सनेही गुडघ्यावरची घडी बदलते, आणि १९६४ च्या पँटची घडी तशी पडत नाही.

लांब डस्टर कोट म्हटला की १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची सुरुवात आठवते. स्टेशनवर गाडीची वाट पाहणारे तीन बंदूकधारी आणि त्यांचे घोट्यापर्यंतचे कोट. डस्टर मुळात प्रवासातली धूळ अडवायला कपड्यांवरून घालायचा. म्हणून तो लिननचा किंवा हलक्या सुती ड्रिलचा असे. इथे बहुतेकांकडून जास्त जाड कॅनव्हास घेतला जातो. त्याचा कोट तंबूच्या कापडासारखा ताठ उभा राहतो, चालताना मागे उडत नाही. २०० ते २८० जीएसएमचं सुती ड्रिल किंवा लिनन घेऊन पाहा, आणि अस्तर लावण्याआधी चित्रपटात ते आहे का ते तपासा.

कॉड्रॉयचं माप वेगळंच. २०१२ च्या 'जँगो अनचेन्ड'मध्ये जेमी फॉक्सचं हिरवं जाकीट वेशभूषाकार शॅरन डेव्हिस यांनी 'बोनान्झा' मालिकेतल्या लिटल जोच्या जाकिटाला डोळ्यांसमोर ठेवून केलं होतं. अशा जाकिटात रंगाआधी इंचात किती रेघा बसतात ते जुळवा. इंचात आठच्या आसपास रेघा असलेलं रुंद कॉड्रॉय आणि सोळाचं बारीक कॉड्रॉय, एकाच रंगाची असली तरी लांबून दोन वेगळी कापडं वाटतात. आणखी एक, कॉड्रॉयचे सगळे तुकडे एकाच दिशेने कापा. केस वरच्या दिशेने गेले की रंग गडद दिसतो आणि खालच्या दिशेने गेले की फिका, त्यामुळे दिशा चुकली तर एक बाही दुसऱ्या जाकिटाची वाटते.

सदऱ्यांसाठी आपल्याकडे सोनं आहे. दोसुती, जाडी खादी, गाठाळ हातकताईचं सूत यांच्यात जो उंचसखलपणा असतो, तो जुन्या काळच्या सदऱ्याला शोभतो. चकचकीत, इस्त्री न लागणारी शर्टिंगं टाळा. पडद्यावर ती उन्हात चमकतात.

बाजारात कसं फिरावं

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट आणि काळबादेवीचं मुळजी जेठा मार्केट, पुण्यात रविवार पेठेतलं कापडगंज, नागपुरात गांधीबाग. या ठिकाणी मोबाइलवरचं चित्र दाखवण्यापेक्षा शब्दांत मागणी करा : 'शंभर टक्के सुती, ट्विल, अडीचशे जीएसएमच्या आसपास, धुतलेला फिनिश नको, पन्हा काय आहे?' अशी मागणी ऐकली की दुकानदार गिऱ्हाईक जाणकार आहे हे ओळखतो आणि वरच्या फळीवरचा तागा खाली येतो. गर्दीच्या दिवसांत जाऊ नका. सकाळी दुकान उघडल्यावर बोलायला त्याला वेळ असतो.

बोटभर नमुन्यावर निर्णय घेऊ नका. त्यात रंग आणि वीण दिसते, पडणं दिसत नाही. पाव मीटर विकत घ्या, घरी धुवा, खुर्चीच्या पाठीवर टाका आणि तुमच्या फ्रेममधल्या घड्यांशी ताडून पाहा. पसंत पडलं की लागेल त्यापेक्षा दहा ते पंधरा टक्के जास्त आणि सगळं एकाच लॉटचं घ्या. पुढच्या खेपेला आलेला लॉट रंगात थोडा तरी वेगळा निघतो. पन्हा किनारीपासून किनारीपर्यंत स्वतः मोजा. शिंप्याने सांगितलेले मीटर विशिष्ट पन्ह्यासाठी असतात आणि हातमागाचा पन्हा बहुधा कमी भरतो.

जुन्या बाजारालाही विसरू नका. मुंबईच्या चोर बाजारासारख्या ठिकाणी, जुन्या गरम कपड्यांच्या ढिगाऱ्यांत लष्करी कांबळी, लांब ओव्हरकोट, जाड ट्वीड मिळतं. ओव्हरकोट उसवला की जाकिटापुरतं कापड निघतं, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने आलेला मऊपणा नव्या कापडाला आणणं कठीण असतं. असा माल घरात आणण्याआधी कसर लागलेली नाही ना ते उन्हात झटकून पाहा.

आता रंग

रंगाबाबत पडदा फार फसवतो. लिओनेच्या नायकाचा पोंचो कुणाला तपकिरी वाटतो, कुणाला शेवाळी हिरवा. वेगवेगळ्या आवृत्त्यांत त्याची छटा बदलते. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'च्या एका नव्या डिजिटल आवृत्तीत सगळ्या चित्रालाच पिवळसर झाक आल्याची तक्रार रसिकांनी केली होती. म्हणून एका आवृत्तीवरून रंग ठरवू नका. दोन-तीन आवृत्त्या, चित्रीकरणाच्या वेळची छायाचित्रं आणि जुनी पोस्टरं शेजारी ठेवा. प्रत्येक चौकटीत आधी पांढरी वस्तू शोधा. चुन्याची भिंत पिवळी दिसत असेल तर पोंचोवरही तेवढाच पिवळेपणा चढलेला आहे. लॉस एंजेलिसच्या ऑट्री संग्रहालयासारख्या ठिकाणी वेस्टर्न चित्रपटांचे खरे पोशाख पाहायला मिळतात. तिकडे राहणाऱ्या वाचकांनी संधी सोडू नये. पडद्यावर काळा वाटणारा कपडा प्रत्यक्षात गडद तपकिरी किंवा निळा निघतो, हे डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

कापड पारखताना दुकानाच्या ट्यूबलाइटखाली निर्णय घेऊ नका. दोन रंग एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात फटकून दिसतात. तागा दारापर्यंत आणायला सांगा, दिवसाच्या उजेडात पाहा. नाटकासाठी असेल तर रंगमंचाच्या दिव्याखालीही एकदा पाहा.

हवी ती छटा मिळाली नाही तर किंचित फिकं कापड घ्या आणि रंगवा. फिक्यावरून गडद होता येतं, उलट जाणं कठीण. लोकरीला आम्लरंग, सुताला रिअ‍ॅक्टिव्ह रंग लागतात. पॉलिएस्टरला घरच्या पातेल्यात धड रंग बसत नाही, म्हणूनच तंतूची खात्री आधी. पोंचोच्या शेवाळी छटेसाठी आपल्या परंपरेतला एक जुना मार्ग आहे. लोकरीला तुरटीचा पाया द्या, डाळिंबाच्या सालीच्या काढ्यात रंगवा आणि शेवटी हिराकसाच्या अगदी पातळ पाण्यातून काढा. पिवळा रंग उतरत शेवाळी-करड्याकडे जातो. हिराकस बेताने, कारण लोहाने तंतू कमजोर होतो. लोकर नेहमी हळूहळू तापवा आणि भांड्यातच निवू द्या. गरमातून एकदम थंड पाण्यात टाकली आणि वर घुसळली, तर ती आटून नमद्यासारखी होते. नक्षी शुभ्र असेल आणि पडद्यावर ती मळकी दिसत असेल, तर चहाच्या पाण्याने तिला पिवळट करता येते. हे सगळं आधी नमुन्याच्या तुकड्यावर करा, वाळू द्या आणि वाळल्यावरच ताडून पाहा. ओलं कापड नेहमी गडद दिसतं.

वापरल्याच्या खुणा

वेस्टर्न पोशाख नवा दिसला की फसतो. लिओनेच्या चित्रपटांत अल्मेरियाच्या कोरड्या प्रदेशातली धूळ कपड्यांवर बसलेली दिसते. आधी कापड धुऊन आटवून घ्या, मग शिवा, आणि शिवून झाल्यावरच जुनं करा. आधी जुनं केलेल्या कापडाचे तुकडे कापले तर झिजलेल्या जागा शरीराच्या भलत्याच ठिकाणी येतात. कपडा घालून बसा, वाका, चाला. जिथे सुरकुती पडते, जिथे पट्टा घासतो, जिथे हात टेकतो, तिथे पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवा. खांद्यावर आणि टोपीच्या कडेला ऊन लागतं, तिथला रंग थोडा उतरवा. धुळीसाठी चित्रपटांचे वेशभूषा विभाग मुलतानी माती वापरतात. ती आपल्याकडे कुठेही मिळते. पातळ कापडाच्या पुरचुंडीतून ती कपड्यावर थोपटा, बाकीची झटका, आणि हे काम तोंडाला मास्क लावून मोकळ्या हवेत करा. भोकं आणि ठिगळं हवीत का, हे तुमच्या दृश्यावर ठरतं. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'च्या अखेरीस खलनायक रामोनच्या गोळ्या पोंचोवर बसतात आणि नायक आत लोखंडी पत्रा बांधून आलेला असतो. त्या लढतीआधीचा पोंचो हवा असेल तर त्याला गोळ्यांची भोकं नकोत.

वही जपा

प्रत्येक कापडाचा तुकडा वहीत टाचा आणि शेजारी जीएसएम, पन्हा, बाजार, धुतल्यावर किती आटलं, कुठला रंग किती वेळ दिला ते लिहा. एका पोशाखासाठी ही वही जड वाटेल. पण दुसऱ्या पोशाखाला अर्धं काम झालेलं असतं, आणि तुमच्यानंतर हेच काम करायला निघालेल्या एखाद्या मुलाला तुम्ही नुसत्या शुभेच्छांऐवजी मापं आणि नमुने देऊ शकता.

पैसे कमी असतील तर सगळं एकदम करायला जाऊ नका. प्रेक्षकाची नजर ज्या कपड्यावर आधी जाते, तो एकच कपडा अस्सल कापडाचा करा. लिओनेच्या नायकाचा तो पोंचो आहे, स्टेशनवरच्या तिघांचा डस्टर. बाकीचं पुढच्या वर्षी सुधारता येतं. त्या एका कपड्यासाठी मात्र तडजोड करू नका : तंतू खरा, वीण बरोबर, वजन जुळलेलं. एवढं जमलं आणि रंग अर्ध्या छटेने इकडे-तिकडे झाला, तरी चित्रपट पाहिलेला माणूस लांबूनच पात्र ओळखेल.